फटकी मिरचीच्या मॅडम

यंत्राने आकडा दाखवायच्या आत मॅडमचा तळहात त्याच्या काचेवर जाऊन बसायचा. "आधी बोला. किती येईल असं वाटतं?" आपण मान वाकडी करून बोटांच्या फटीतून बघायला गेलो, तर दुसरा हातही मदतीला यायचा.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. काचसामान धुणं, चाव्या सांभाळणं आणि फुटलेल्या परीक्षानळ्यांवरून पोरांशी भांडणं यात माझी नोकरी गेली. नाना, तुम्हाला काय वाटतं, असं मला तिथे कुणी कधी विचारलं नव्हतं. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला काय वाटणार, मॅडम?" त्या म्हणाल्या, "वाटतं सगळ्यांनाच. बोलत नाही कुणी." हात काही काचेवरून निघेना. शेवटी मी वैतागून एक आकडा ठोकून दिला. तो साफ चुकला आणि मॅडम खूश झाल्या. "आता खरा आकडा तुमच्या लक्षात राहील," म्हणाल्या. राहिला, हे कबूल करायला हवं.

तुम्ही हिवाळ्यात कधी नंदुरबारला आला असाल, तर गावाबाहेरच्या पथाऱ्या पाहिल्याच असतील. बाजारात लिलाव झालेली ओली लाल मिरची मोकळ्या मैदानांवर वाळत घालतात, त्याला आम्ही पथारी म्हणतो. बाहेरून आलेले लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. आम्ही नाकाला रुमाल लावून पुढे निघतो. ही मिरची नीट वाळली नाही तर तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीत एक विष तयार होतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. तिखटातून पोटात जातं आणि हळूहळू यकृत खातं. मॅडम येईपर्यंत मला हे माहीत नव्हतं. जन्म कोरीटचा, घरी मिरची पिकते, वर्षाचं तिखट घरी कुटतो, तरी माहीत नव्हतं.

मॅडम नवापूरकडच्या, गुजरातच्या हद्दीला लागलेल्या डोंगरातल्या. घरी भाताची थोडी जमीन. शेतीचं काम संपलं की वडील ऊसतोडीला सुरतेकडे जायचे आणि रविवारी घरी असले तर चर्चमध्ये ढोलक वाजवायचे. मॅडम आमच्याच कॉलेजात शिकल्या, पुढे विद्यापीठात गेल्या आणि तिथून शिष्यवृत्ती मिळवून हॉलंडला. आपल्यासारख्या देशांतल्या तरुण संशोधकांना तिथे बोलावून काम शिकवतात. काही वर्षं तिथे राहून, पदवी घेऊन त्या परत आल्या आणि आमच्याच कॉलेजात रुजू झाल्या.

परदेशातून माणूस आलं की आपली नजर आधी त्याच्या बॅगेवर जाते. माझीही गेली. बॅग चांगली जड होती. मी ती दोन्ही हातांनी उचलून आत आणली आणि स्टाफरूममध्ये सगळे भोवती जमले. आत काय निघावं? रबरी चकत्या, प्लॅस्टिकच्या टोप्या, चाळण्या आणि तिथल्या लोकांनी मोडीत काढलेल्या एका यंत्राचे सुटे भाग, मोज्यांत गुंडाळलेले. तळाशी चॉकलेटचा एक पुडा होता. तो साऱ्या स्टाफमध्ये वाटला तेव्हा माझ्या वाट्याला बोटाच्या पेराएवढा तुकडा आला. त्या दिवशी माझं मॅडमबद्दल फारसं चांगलं मत झालं नाही.

"परत का आलात?" हा प्रश्न त्यांना प्राचार्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला. त्यांच्या घरमालकीणबाईंनी तर जिन्यातच अडवलं होतं. "मॅडम, तठे एवढं चांगलं व्हतं, मंग आठे कसाले उनात?"

"तिकडे मिरची पिकत नाही, मावशी."

"हा, हाई बराबर शे," म्हणून मावशी समाधानाने आत गेल्या.

मला मात्र एकदा, चहा पिताना, त्यांनी खरं उत्तर दिलं. "नाना, मी तिथेच राहिले असते तर नंदुरबारला काय मिळालं असतं? एका पोरीचा पेपरात फोटो. आणि इथे येऊन मी एकटीनेच काम केलं तरी काय? मी आजारी पडले की प्रयोगशाळा आजारी. माझ्याशिवाय हे काम इथे चाललं, की माझं शिक्षण पूर्ण झालं. तोवर मी अर्धीच शिकलेली." मी मान डोलावली. अशी वाक्यं माणसं निरोप समारंभात बोलतात. या बाई ती दुसऱ्याच महिन्यात, टपरीवर, बशीत चहा ओतून बोलत होत्या.

मिरचीतलं विष तपासायचं काम सुरू झालं आणि पहिलीच अडचण आली ती आमच्या हवेची. चाचणीच्या पुस्तकात पानापानावर लिहिलेलं, नळ्या खोलीच्या तापमानाला ठेवा. आमच्या खोलीचं तापमान उन्हाळ्यात काय असतं, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून कळावं? टेबलावर हात ठेवला तर चटका बसायचा. पहिल्या महिन्यात एकही चाचणी धड आली नाही. "त्यांनी मला त्यांच्या खोलीसाठी शिकवलं," मॅडम म्हणाल्या. "या खोलीसाठी आपल्यालाच शिकायला लागेल." मग त्या सूर्य उगवायच्या सुमारास यायला लागल्या. चाव्या माझ्याकडे, म्हणजे मलाही यायला लागलं. मातीचे माठ आणले, ओली पोती आणली, नळ्या किती वेळ ठेवायच्या ते पुन्हा पुन्हा करून ठरवलं. माझी बायको म्हणायची, "परदेशनी विद्या आनी माठमा ठेवी?" पण उन्हाळा संपेपर्यंत चाचण्या यायला लागल्या.

याच सुमाराला मनीषा आली. शहाद्याजवळच्या कळसाडीची, घरी कापूस-ऊस. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मॅडमकडे आली आणि पुढे तिथेच नोकरीला राहिली. मॅडमसमोर तिच्या तोंडातून "हो मॅडम" यापलीकडे शब्द फुटायचा नाही. मॅडमनी काचेवर हात ठेवून विचारलं की ती आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि त्यांना आवडेल असा आकडा सांगायची. "माझ्या तोंडावर आकडा लिहिलाय का?" असं त्या विचारायच्या, की हिचे डोळे भरायचे.

आता पथारीची गोष्ट सांगतो. कोरीट रस्त्याला एका शेठची मोठी पथारी होती. त्यांचा माल परदेशातून परत आला होता, विष निघालं म्हणून. शेठ पेटले होते. "मन्ही मिरचीमा विष? मी काय लोकसले मारी ऱ्हायनू का?" मॅडम म्हणाल्या, मी तपासून देते, मला फक्त वानगी द्या. वानगी म्हणजे नमुना. शेठनी पथारीवरच्या बायांच्या मुकादमीण कलाबाई यांना हुकूम सोडला, मॅडमले लागी तितली वानगी दे.

वानगी आली. आम्ही तपासली. विषाचा पत्ता नाही. दुसऱ्या आठवड्याची आणली, तीही स्वच्छ. शेठ पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले. मॅडमनी एक घेतला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. "नाना, परदेशात निघालेलं विष इथे कसं निघत नाही?" मला पेढे आवडले होते, त्यामुळे मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी न सांगता आम्ही दोघं पथारीवर गेलो. कलाबाई आणि तीन-चार बाया गोल करून बसल्या होत्या, मध्ये आमची पिशवी. एकेक मिरची उचलायची, उजेडात धरून बघायची, पदराने पुसायची आणि लांब, लालभडक, चकचकीत तेवढीच पिशवीत टाकायची. रुखवतात मांडायची असावी, इतक्या निगुतीने काम चाललेलं.

"कलाबाई, हे काय?"

"तुमनी वानगी, मॅडम."

"पण निवडता कशाला?"

कलाबाई लाजल्या. "मंग कशी देवानी? तुम्ही एवढं शिकीसन उनात, आन तुमना हातमा फटकी देऊत का आम्ही? पाव्हनाले कोनी सडेल वाढस का?"

फटकी म्हणजे पांढरट पडलेली, डागाळलेली मिरची. ती बाजूला ढीग करून ठेवली होती. सगळं विष त्या ढिगात, आणि मॅडमच्या वाट्याला मानपान.

मॅडम तिथेच मातीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, मिरचीनेच पाणी आलं असेल. नंतर म्हणाल्या, "नाना, नमुना कसा घ्यायचा यावर तिथे आम्हाला कितीतरी तास शिकवलं. ढिगाच्या वरून घ्या, मधून घ्या, खालून घ्या. पण लोकांना तुमच्याबद्दल आदर वाटत असेल तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही."

मग त्या कलाबाईंकडे वळल्या. "कलाबाई, डॉक्टरकडे गेल्यावर दुखरा पाय दाखवता की चांगला?"

"दुखरा."

"मी मिरचीची डॉक्टर आहे."

"मंग पहिलेच सांगनं व्हतं ना!" कलाबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्याची पिशवी उघडली तर नुसती फटकी! कलाबाईंनी साऱ्या पथारीवरचं कुजकं-नासकं शोधून शोधून भरलं होतं. आकडा असा वर गेला की शेठना ऐकूनच बसायला खुर्ची द्यावी लागली. मॅडमनी मग पथारीवर दोरीने चौकोन पाडले आणि बायांना डोळे मिटून हात घालायला शिकवलं. डोळे मिटून मिरची काढणाऱ्या त्या बाया आणि शेजारी उभ्या राहून "बघायचं नाही, बघायचं नाही" म्हणणाऱ्या मॅडम हे दृश्य बघायला रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबायच्या. तेव्हापासून त्यांना कोरीट रस्त्याला सगळे फटकी मिरचीच्या मॅडमच म्हणायला लागले. त्यांना ते नाव फार आवडायचं.

खरी वानगी मिळाल्यावर खरं दुखणंही कळलं. जमिनीला टेकलेला थर दमट राहत होता. मॅडमनी शेठच्या अर्ध्या पथारीवर मिरचीखाली ताडपत्री घातली, अर्धी तशीच ठेवली आणि दोन्हीकडची मिरची कलाबाईंकडून वेळच्या वेळी उलटून घेतली. ताडपत्रीवरचा माल चांगला निघाला. शेठनी मान्य केलं, पण दुसऱ्या व्यापाऱ्यांसमोर ही युक्ती आपलीच म्हणून सांगायला लागले. मी चिडलो. मॅडम म्हणाल्या, "सांगू द्या, नाना. मी सांगितलं असतं तर कुणी केलं असतं का?"

पण एवढ्याने भागत नव्हतं. आमच्या चाचणीचा कागद नंदुरबारच्या बाहेर कुणी मानत नव्हतं. शेठना माल पाठवायचा तर वानगी मुंबईला पाठवून वाट बघत बसावं लागे. कॉलेज चालवणाऱ्या मंडळींचाही आमच्या खोलीवर डोळा होता; तिथे संगणकवर्ग काढायचं घाटत होतं. त्यात हॉलंडहून मॅडमना बोलावणं आलं, नव्या तुकडीला शिकवायला वर्षभरासाठी या. सोबत तिथल्या संस्थेने, तिथे शिकलेल्या लोकांच्या साऱ्या प्रयोगशाळांना पाठवली तशी, मिरचीपुडीची बंद पाकिटं आम्हालाही पाठवली होती. कुठल्या पाकिटात किती विष आहे ते फक्त त्यांना माहीत. उत्तरं बरोबर आली तर आमच्या कागदाला बाहेर किंमत येणार होती. चुकली तर खोली गेलीच म्हणून समजा.

पाकिटं आली त्या दिवशी मॅडमनी ती मनीषाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मी उद्या गावी चालले. भाताची लावणी आहे."

मीच बोललो. "मॅडम, लावणी वडील करतील ना! आत्ता जाता?"

"मी इथे असले तर परीक्षा माझी होईल, नाना. मी पास होऊन काय उपयोग? हिला ती जमली नाही तर मी हॉलंडला जाणार नाही. आणि जमली नाही तर इथे राहूनही मी काही केलं नाही, असंच होईल." पिशवी उचलून त्या गेल्याच.

आम्ही पहाटे काम धरलं. बाकीची पाकिटं सुरळीत गेली. एक मात्र अडलं. त्यात विषच निघेना. मनीषाचा चेहरा उतरला. "नाना, काहीतरी चुकनं आपलं. एवढा लांबथून पाठाडेल पाकिटमा काहीच कसं नही?"

मलाही तेच वाटत होतं. शेठचे पेढे आठवले. "मॅडमले फोन लाव," मी म्हणालो. तिने लावला. डोंगरात कुठली रेंज? तिने परत लावला, परत लावला, मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मंग काय करानं?" मी विचारलं. "थोडंसं शे, असं लिखी टाकू का? शून्य लिखाले भ्याव वाटस."

मनीषाने माझ्याकडे जसं बघितलं, तसं तिने आजवर कुणाकडे बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. "नाना, भ्याव वाटस म्हणीसन आकडा लिखतस का?" ती म्हणाली. तिने उरलेली पुडी घेतली, ज्यात विष आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं अशी शेठची जुनी वानगी शेजारी ठेवली आणि दोन्हींची चाचणी एकत्र लावली. शेठच्या वानगीत विष दिसलं. पाकिटात नाही. म्हणजे चाचणी बरोबर होती, पाकीटच स्वच्छ होतं. तिने शून्य लिहिलं आणि उत्तर पाठवून दिलं. पुडी संपली होती, आता बदलायचं म्हटलं तरी काही करता येणार नव्हतं.

निकाल यायला वेळ लागला. तोवर मॅडम परत आल्या होत्या, हातांना चिखलाच्या भेगा पडलेल्या. काय केलं, कसं केलं, एक अक्षर विचारलं नाही. मला राहवेना, मी सांगायला गेलो तर कानांवर हात ठेवून खोलीबाहेर गेल्या. निकाल आला तो मनीषाच्या नावाने. साऱ्या उत्तरांसमोर बरोबरची खूण होती. शून्याच्या पाकिटाखाली लिहिलं होतं की ते मुद्दामच स्वच्छ ठेवलं होतं, आणि कितीतरी जुन्या, नावाजलेल्या प्रयोगशाळांनी त्यात थोडंथोडं विष असल्याचं कळवलं होतं.

मनीषा वाचत होती आणि मॅडम खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. वाचून झालं तरी वळल्या नाहीत. मी जवळ जाऊन बघितलं तर रडत होत्या, तोंडावर पदर घेऊन, आमच्या गावच्या बाया रडतात तशा. मला फार आनंद झाला. इतका, की मी खाली जाऊन स्वतःच्या पैशाने पेढे आणले, आणि त्या दिवशी मॅडमनी दोन खाल्ले.

संगणकवर्ग दुसऱ्या खोलीत गेला. मॅडम हॉलंडला गेल्या. त्यांना निरोप द्यायला कलाबाई स्टेशनवर आल्या होत्या, आणि वर्षाचं तिखट पिशवीत बांधून आणलं होतं. गाडी सुटल्यावर मी आणि मनीषा चालत परत आलो. खोली उघडली आणि कामाला लागलो. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस काचेकडे बघताना चुकल्यासारखं व्हायचं. मग शेठची वानगी आली, दुसऱ्यांच्या आल्या, आणि चुकल्यासारखं व्हायला वेळ राहिला नाही.

मध्यंतरी एका सकाळी मॅडमचा निरोप आला, मनीषाने तिकडच्या वर्गाला संगणकावरून शिकवायचं आहे. विषय आमचाच, उष्ण प्रदेशात ही चाचणी कशी करायची. ठरल्या दिवशी मनीषा नवी साडी नेसून आली. मी पडद्याच्या बाजूला, दिसणार नाही असा उभा राहिलो. समोर तो वर्ग दिसला. केनियाचे, व्हिएतनामचे, बांगलादेशचे, कुठले कुठले तरुण चेहरे. मॅडम कुठे दिसेनात. मग दिसल्या, शेवटच्या बाकावर, मुलांमध्ये बसलेल्या, वही उघडून.

मनीषाचं इंग्रजी साधंच, पण ती थांबली नाही. मध्येच एका काळ्यासावळ्या पोराने हात वर केला आणि विचारलं, चाचणी अर्ध्यावर असताना वीज गेली तर तुम्ही काय करता?

वीज तर आमच्याकडे रोजच जाते. पण एवढ्या परक्या लोकांसमोर घरची अडचण सांगायची की नाही, मनीषाला कळेना. सवयीने तिने शेवटच्या बाकाकडे बघितलं. मॅडमनी तिची नजर येताना पाहिली आणि शांतपणे मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मनीषाने पदर खोचला. "वीज जाते," ती म्हणाली, "आमच्याकडे रोज जाते." सारा वर्ग हसला, त्या पोराने तर दोन्ही हात वर केले, आमच्याकडेही म्हणून. मनीषाही हसली, खुर्ची पुढे ओढून बसली आणि आम्ही काय करतो ते सांगायला लागली.